बाळ काचेत आणि आई दाराबाहेर: हे कशासाठी?

"बाळाला काचेत ठेवलंय." घरात हे वाक्य आलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असतं, वजन कमी असतं, श्वास घ्यायला त्रास होत असतो किंवा कावीळ फार वाढलेली असते. मग त्याची रवानगी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होते. आई वॉर्डात पडून असते, बाबा जिन्यात उभे असतात आणि आजीचा देवाजवळ जप सुरू असतो. विभागाच्या दारावर पाटी असते: 'नातेवाइकांना प्रवेश नाही'. का, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "बाळाला इन्फेक्शन होईल."

ही भीती खोटी नाही. एनआयसीयूतल्या बाळाला जंतुसंसर्ग होणं ही अतिशय गंभीर गोष्ट आहे. पण त्या भीतीपोटी आईलाच दाराबाहेर ठेवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बाळाला धोका आहे तो बहुतेक वेळा आतल्या हातांचा, नळ्यांचा आणि गर्दीचा. आई त्या धोक्यावरचा उपाय आहे. हे माझं मत आहे, पण ते नुसतं भावनेपोटी नाही. त्यामागची कारणं सांगतो. शेवटी तुम्ही रुग्णालयात काय विचारायचं तेही सांगतो.

जंतू येतात कुठून?

आधी बाळाची बाजू समजून घ्या. आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं वारेतून बाळाकडे जातात, पण त्यातली बरीचशी शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जातात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी मिळालेलीच नसते. त्याची त्वचा इतकी नाजूक असते की चिकटपट्टी काढताना ती सोलली जाते. त्यातच शिरेत सलाइनची नळी, पोटात दुधाची नळी आणि कधी घशातून श्वासाची नळी असते. घराला दार नाही आणि खिडक्याही उघड्या, अशी त्याची अवस्था असते.

काही जंतू प्रसूतीच्या वेळी आईकडून येतात, हे खरं आहे. आईची पाणमोट फार आधी फुटली असेल, तिला ताप असेल, तर डॉक्टर बाळावर जास्त लक्ष ठेवतात ते याचसाठी. पण आपल्या देशात खरी डोकेदुखी आहे ती रुग्णालयातच मुक्काम ठोकून बसलेल्या जंतूंची.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात एक मोठा अभ्यास झाला. एनआयसीयूत दाखल झालेल्या साडेतेरा हजारांहून अधिक बाळांची नोंद त्यात ठेवली गेली. दर शंभर बाळांमागे सुमारे १४ बाळांना सेप्सिस, म्हणजे शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग झाला होता. जितकी बाळं दगावली त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मृत्यू या सेप्सिसमुळे होते. सगळ्यात जास्त सापडले ते असिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे जंतू. असिनेटोबॅक्टरच्या तर दहापैकी आठ नमुन्यांवर अनेक प्रकारची अँटिबायोटिक्स निकामी ठरत होती. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. पहिल्या तीन दिवसांत झालेला संसर्ग आईकडून आला, असं आम्हाला पाठ्यपुस्तकात शिकवतात. इथे पहिल्या तीन दिवसांतही तेच जंतू होते, जे नंतरच्या संसर्गात होते. म्हणजे संशयाचं बोट प्रसूतिगृहाकडे आणि रुग्णालयाच्या वातावरणाकडे जातं.

हे जंतू स्वतः चालत जात नाहीत. एका बाळाकडून दुसऱ्या बाळाकडे त्यांना नेतात ते हात. डॉक्टरचे, नर्सचे, एक्स-रे काढणाऱ्याचे, मावशींचे. सोबत स्टेथोस्कोप, मोबाइल आणि अनेक बाळांसाठी वापरलेली सलाइनची एकच बाटली. ओलावा ही त्यांची आवडती जागा. २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला नवजात विभागातली बाळं दगावली, तेव्हा स्युडोमोनास नावाचा जंतू हात धुण्याच्या नळांमध्येच सापडला. श्रीमंत देशातलं सुसज्ज रुग्णालयही यातून सुटत नाही.

चपलेपेक्षा हात महत्त्वाचे

१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्याने खाली आली. पावणेदोनशे वर्षं उलटली, तरी याहून स्वस्त आणि याहून गुणकारी उपाय आपल्याला सापडलेला नाही.

साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. अल्कोहोलचं द्रावण चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात. बाळाला हात लावण्याआधी, नळी किंवा सुईचं काम करण्याआधी, रक्त-लघवी-शी अशा गोष्टींना स्पर्श झाल्यावर, बाळाला हात लावून झाल्यावर आणि बाळाच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर, अशा पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिल्या आहेत. हातमोजे घातले म्हणून हात धुणं चुकत नाही. मोज्यांनी एका बाळाला हात लावून तेच मोजे दुसऱ्या बाळापाशी नेले, तर मोजा फक्त घालणाऱ्याला वाचवतो.

आता आपल्याकडचं चित्र बघा. चप्पल बाहेर काढा, हा नियम कडक असतो. हिरवा गाऊन घाला, टोपी घाला, हेही असतं. महिन्यातून एकदा खोली बंद करून औषधाचा धूर केला जातो आणि सगळ्यांना समाधान वाटतं. पण गाऊन घातल्यामुळे बाळांचा संसर्ग कमी होतो, असं यावर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले तरी दिसलेलं नाही. धुराचंही तसंच आहे. रोजच्या रोज पृष्ठभाग नीट पुसण्याची सर त्याला येत नाही. आपण डोळ्यांना दिसणारी स्वच्छता पाळतो आणि न दिसणारी विसरतो.

तुम्ही आत जाल तेव्हा अंगठी, घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवा, बाह्या कोपराच्या वर दुमडा, नखं कापलेली असू द्या. बाळंतिणीने बांगड्या काढू नयेत म्हणून आजी कुरकुर करतील. त्यांना प्रेमाने सांगा की बांगडीच्या खाली साबण पोचत नाही आणि यात अशुभ काही नाही. मोबाइल बाहेर ठेवा. फोटो दोन दिवसांनी काढला तरी बाळ तेच असणार आहे.

एका नर्सकडे किती बाळं?

नर्स हात धुवत नाहीत, असा दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण एक साधा हिशोब करा. आजारी बाळाला तासाला दोन-तीनदा तरी हात लावावा लागतो. एका नर्सकडे सहा बाळं असतील, तर आठ तासांच्या पाळीत सव्वाशेच्या आसपास वेळा हात लागणार. दर वेळी अर्धा मिनिट धरलं तर तासभर फक्त हात स्वच्छ करण्यात जाईल. रात्रपाळीत, दोन बाळांचे अलार्म एकदम वाजत असताना, तो तास ती आणणार कुठून? तिच्याकडे दोनच बाळं असतील, तर हेच काम वीस मिनिटांत होतं.

व्हेंटिलेटरवरच्या बाळाला स्वतंत्र नर्स हवी, फार तर दोन बाळांमागे एक. हे अवघड आहे, कारण नर्सचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि यंत्राचं उद्घाटन एकदाच करता येतं. नवं व्हेंटिलेटर आलं की पेपरात फोटो येतो. दोन नर्स वाढवल्या तर येत नाही. सरकारी असो वा खासगी, संसर्ग रोखायचा असेल तर पहिला पैसा माणसांवर खर्च व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येक नळीला रोज एक प्रश्न

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मोठ्या माणसांच्या अतिदक्षता विभागांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या शिरेत नळी घालताना पाचच गोष्टी काटेकोर पाळायच्या: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक कपडे व आच्छादन, त्वचा योग्य औषधाने पुसणे, जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. या साध्या यादीने नळीतून होणारे रक्तसंसर्ग कमालीचे घटले. बाळांच्या बाबतीत तपशील बदलतात, तत्त्व तेच राहतं. ही नळी आज का आहे, हा प्रश्न रोज सकाळी विचारला गेला पाहिजे. उत्तर नसेल, तर नळी काढायची वेळ झाली आहे.

चीक म्हणजे पहिली लस

पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. "अजून दूध उतरलंच नाही" म्हणून आया हताश होतात, पण चीक चमचाभरच येतो आणि तेवढाच हवा असतो. त्यातली प्रतिकारक द्रव्यं बाळाच्या आतड्याला आतून जणू अस्तर लावतात. बाळ दूध ओढू शकत नसलं, तरी हाताने काढलेले थेंब नळीतून देता येतात, गालाच्या आत लावता येतात. म्हणून प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करा आणि दर दोन-तीन तासांनी काढत राहा, रात्रीसुद्धा. हात धुऊन, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत काढा. किती वेळ आणि कुठे ठेवायचं ते विभागातल्या नर्सला विचारा.

आईचं दूध पुरत नसेल तर दुसऱ्या आयांचं तपासलेलं, पाश्चराइज केलेलं दूध हा पुढचा पर्याय. यात महाराष्ट्राने वाट दाखवली आहे. १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईतल्या सायनच्या लोकमान्य टिळक पालिका रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. अशा पेढीत दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ यांसाठी तपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवलं जातं. डब्यातली पावडर ही त्यानंतरची गोष्ट आहे. मुदतपूर्व बाळाच्या आतड्याला गंभीर सूज येऊन ते सडण्याचा एक आजार होतो. त्यापासून आईचं दूध जितकं संरक्षण देतं, तितकं पावडर देत नाही.

आईची छाती

आता मुख्य मुद्दा. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्याकडे बाळं जास्त होती, पेट्या कमी आणि संसर्ग फार. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी, कांगारूसारखं, बांधून ठेवायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे शास्त्र झाली. तरी बराच काळ नियम असा होता की बाळ आधी पेटीत स्थिर होऊ दे, मग आईकडे द्या.

हा नियमच नंतर तपासला गेला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत, १ ते १.८ किलो वजनाच्या सुमारे ३२०० बाळांवर हा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एका गटातली बाळं नेहमीप्रमाणे पेटीत राहिली. दुसऱ्या गटात आईची खाट अतिदक्षता विभागातच टाकली आणि जन्मानंतर लगेच बाळ तिच्या छातीशी दिलं. ते दिवसाला सरासरी सतरा तास तिथेच असायचं. पहिल्या गटात २८ दिवसांत शंभरातली जवळपास १६ बाळं दगावली, दुसऱ्या गटात १२. सेप्सिसचा संशय आलेली बाळंही शंभरात २८ वरून २३ वर आली. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला गेला.

हे वाक्य पुन्हा वाचा. आई चोवीस तास आत होती आणि संसर्ग कमी झाला. कारण समजण्यासारखं आहे. आईच्या त्वचेवरचे निरुपद्रवी जंतू बाळाच्या अंगावर वस्तीला येतात आणि रुग्णालयातल्या जंतूंना जागा उरत नाही. बाळाला लागणारे परके हात कमी होतात. ऊब राहते आणि दूध वाढतं. बाळ जरा सुस्तावलं, तरी आईच्या लक्षात येतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू करण्याची शिफारस केली. आपल्या केंद्र सरकारने त्याआधीच, २०१७ मध्ये, आजारी नवजात बाळांच्या काळजीत कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणजे आई आत असणं ही कुणाची मेहेरबानी नाही.

"पण आमच्या आया खेड्यातून येतात, त्यांना स्वच्छता कुठे कळते?" हा आक्षेप मी अनेकदा ऐकतो. मला तो पटत नाही. दहा मिनिटं समजावून सांगितलं, हात धुऊन दाखवले, तर शाळेत न गेलेली आईही एकही पायरी चुकवत नाही, कारण बाळ तिचं आहे. जागा नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. खाट नाही तर खुर्ची तरी मिळावी. छातीशी बाळ धरायला खुर्ची पुरते, आणि आई थकली की बाबांची छातीही चालते.

याचा अर्थ सगळ्या गोतावळ्याने आत यावं, असा नाही. आई, बाबा आणि गरज पडली तर एखादी आजी किंवा मावशी, बस्स. ज्याला ताप, जुलाब, अंगावर फोड किंवा ओठावर जर उठलेली आहे त्याने बाहेर थांबावं. आईलाच सर्दी-खोकला असेल तर मास्क आणि हात धुणं हे दोन्ही हवंच. कांजिण्या किंवा क्षयरोग असेल तर काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

"भारीतलं अँटिबायोटिक द्या"

पैशाची काळजी करू नका, चांगलं औषध द्या, असं नातेवाईक कळकळीने म्हणतात. भावना समजते, पण प्रतिबंध म्हणून दिलेलं जादा अँटिबायोटिक बाळाच्या चांगल्या जंतूंना मारतं, बुरशीच्या संसर्गाला वाट करून देतं आणि उद्या खरोखर गरज लागेल तेव्हा काम करत नाही. संशय असेल तर औषध लगेच सुरू करावंच लागतं, त्याला थांबता येत नाही. मात्र त्याआधी रक्ताचं कल्चर घेतलेलं असावं. दोन दिवसांत कल्चरमध्ये काही वाढलं नाही आणि बाळ ठीक असेल, तर डॉक्टर औषध बंद करतात. हा निष्काळजीपणा नसून चांगला उपचार आहे. त्यांच्यावर चालू ठेवण्याचा दबाव आणू नका.

तुम्ही काय विचाराल?

भांडू नका, पण गप्पही बसू नका. हे प्रश्न सौम्य शब्दांत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे:

– आई बाळापाशी केव्हापासून आणि किती वेळ थांबू शकते?
– कांगारू पद्धत आज सुरू करता येईल का? नसेल तर कशासाठी थांबलोय?
– बाळाला आज कोणतं दूध मिळालं? आईचं दूध देता येईल का?
– कोणकोणत्या नळ्या आहेत? आज एखादी काढता येईल का?
– अँटिबायोटिक कशासाठी आहे? कल्चरचा रिपोर्ट कधी येईल?
– या पाळीत एका नर्सकडे किती बाळं आहेत?

आणि एक वाक्य, जे बोलायला धीर लागतो: "डॉक्टर, बाळाला हात लावण्याआधी हात स्वच्छ केलेत ना?" चांगल्या डॉक्टरला याचा राग येणार नाही. मला विचारलंत तर मी पुन्हा हात चोळीन आणि आभार मानीन.

घरी गेल्यावरही हेच नियम लागू आहेत. बेंबीला काही लावू नका, कोरडी ठेवा. मध, घुटी, काजळ नको. कौतुकाला येणाऱ्यांनी लांबूनच आशीर्वाद द्यावा. बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, अंग गार किंवा गरम लागलं, मिनिटाला साठाहून जास्त श्वास घेऊ लागलं, झटका आला किंवा बेंबीभोवती लाली दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

बाळ काचेत गेलं की घरच्यांना वाटतं, आता आपल्या हातात काही नाही. खरं तर तेव्हाच तुमच्या हातांना काम असतं. ते हात धुवा आणि आत जायची परवानगी मागा.